रेघेची जाडी

ओढ्यावरचा पूल वाहून गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून शाळेच्या बाई एकेका पोराला कडेवर घेऊन पाण्यातून पलीकडे नेत होत्या. गाव दोन राज्यांच्या सरहद्दीवर. दोन्हीकडच्या कचेऱ्यांचं उत्तर एकच: "आमच्या हद्दीत तुमचं गाव नाही, शेजारी विचारा." हेलपाटे घालून चपला झिजल्या, तेव्हा बाई तडक नकाशांच्या कचेरीत जाऊन थडकल्या.

तिथल्या म्हाताऱ्या नकाशेकाकांनी मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि भिंग घेऊन बराच वेळ शोधलं.

"गाव सरहद्दीच्या रेघेखाली गेलंय हो."

"रेघेखाली? एवढी केवढी तुमची रेघ?"

काकांनी पट्टी लावली. "कागदावर दीड मिलिमीटर. म्हणजे जमिनीवर पाऊण किलोमीटर."

"अहो, आमचं अख्खं गाव मावतं त्यात!" बाईंचा पारा चढला. "नद्या, रस्ते केसासारखे बारीक काढलेत. मग हीच एवढी जाड कुणी केली?"

"मीच," काका ओशाळून म्हणाले. "आधी बारीकच होती. पण नकाशा साहेबांच्या समोरच्या भिंतीवर लागायचा होता. साहेब म्हणाले, राज्याची सीमा मला खुर्चीतून दिसली पाहिजे. मग पुन्हा गिरवली."

बाईंनी पिशवीतून पुलाचा अर्ज काढला.

"मग आमचं गाव कुठल्या खुर्चीतून दिसतं, तेवढं सांगा. हा अर्ज तिथे देते."