तिफण कुणाची

दर गुरुवारी सकाळी संग्रहालयाची गाडी नाचणगावात यायची आणि रूपरावांना घेऊन वर्ध्याला जायची. तानबा सुतार ओसरीवरून बघत राहायचे. सत्तरीपुढच्या माणसांनी जुनी अवजारं हाताळायची, आठवणी सांगायच्या, असा तो कार्यक्रम होता. प्रत्येक गावातून एकच माणूस. संग्रहालयाचे लोक पहिल्यांदा आले तेव्हा तानबा नेमके कारंज्याला लेकीकडे होते. रूपरावांनी घरची तिफण दिली आणि नाचणगावचा माणूस ठरला.

"पेरायची तिफण मी घडवली, अन् माइकवर हा बोलून राह्यला," तानबा सुनेला म्हणाले. "रंधा कसा धरते तेबी याले मालूम नाई."

"मंग तुमी काऊन नाई जात, मामाजी?" सपना म्हणाली.

हेवा माणसाला जेवू देत नाही. म्हातारपणी तर खाल्लेलं पचूही देत नाही. शेवटी एका गुरुवारी तानबांनी धुतलेला सदरा घातला आणि एसटी पकडली. रूपराव चुकला की भर सभेत उभं राहायचं आणि माइक मागायचा, हे पक्कं होतं.

ते मागच्या खुर्चीत बसले. रूपराव तिफणीवर हात फिरवत सांगत होते, बाभूळ कोणती निवडायची, बियाण्याचं चाडं किती कोरायचं. तानबा चूक शोधत राहिले. एकही सापडेना.

"हे समदं मले तानबानं सांगतलं," रूपराव म्हणाले. "मी नुसती वाह्यली. काय हात होता त्याचा! असा सुतार आता होनार नाई." त्यांचा आवाज भरून आला. समोरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

तानबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर आपण ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो इथे आपलंच नाव घेत होता.

टाळ्या थांबल्यावर संग्रहालयात काम करणारी अपेक्षा नावाची मुलगी पुढे आली. "दर वेळेसारखं दोन मिनिटं उभे राहू या. तानबाजींच्या स्मृतीला."

सगळे उभे राहिले. सगळ्यांबरोबर तानबाही उभे राहिले, हात जोडले आणि मग भानावर आले.

"अवो बाई, तानबा मीच हावो!"

सगळी सभा वळली. रूपराव लगबगीने मागे आले. त्यांनी मायेने तानबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अपेक्षाला हळूच म्हणाले, "हे त्याचे लहाने भाऊ. तो गेला तवापासून सोतालेच तानबा समजून राह्यले."