अपशकुनी शब्द

“‘सोड’ हा शब्द या चाकावर चालणार नाही,” जादूगार म्हणाला. “वर घ्यायचं तर ‘वर’. खाली आणायचं तर ‘उतर’. कळलं ना, पोरी?”

“कळलं, साहेब. पण का चालणार नाही?”

“अपशकुनी आहे.”

तारवालीनं मान डोलावली. पुढच्या तीन महिन्यांत तिनं त्याला दुसरा काही प्रश्न विचारला नाही.

चाकाची खोली रंगमंचाच्या मागं होती. कपाटापेक्षा जरा मोठी, पुढं पाहायला एक भोक. आत दोन चाकं. एक चार बारीक तारांचं, ज्यांनी जादूगार उचलला जायचा. दुसरं छताखालच्या दिव्यांच्या चौकटीचं. दोन्हींना ती रोज सकाळी स्वतः तेल घालायची.

आधीचा चाकवाला त्याला विहिरीतून बादली काढावी तसा काढायचा. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, “साहेब, तुम्ही तरंगत नाही, ओढले जाता. अंगाला वजन आहे असं दिसलं तरच तरंगणं खरं वाटतं. आधी बोटभर खाली, मग वर. आणि शालीला थोडा वारा हवा.”

त्यानं करून पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला. “अगं, पोटात गोळा येतो की! डोळे मिटले तरी कळतं, निघालो म्हणून. कुणी शिकवलं तुला?”

“घरातलंच आहे.”

घरातलंच होतं. अठरा वर्षांपूर्वी याच जादूगाराच्या चाकावर तिचे बाबा असत, आणि तारांवर तिची आई. एका खेळात आई अधांतरी असताना तारेचा आकडा कुरकुरला. बाबांनी चाकाच्या खोलीतल्या फोनवर जादूगाराला विचारलं, “आकडा कुरकुरतोय. काय करू?”

पलीकडून जादूगार वैतागून एकच शब्द बोलला. “सोड!”

त्याला म्हणायचं होतं, जाऊ दे, खेळ चालू ठेव. पण चाकावर त्या शब्दाचा अर्थ एकच, चाक अडवणारी कळ सोडायची. आणि चाकावरच्या माणसानं उलट विचारायचं नसतं. बाबांचा हात डोक्याच्या आधी हलला.

आई परत उठली नाही. दुसऱ्या दिवशी जादूगारानं सगळ्यांना सांगितलं, मी काही बोललोच नाही, चाकवाला पिऊन आला होता. ज्या माणसानं आयुष्यात कधी दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, त्याच्याकडं बोट दाखवून लोक म्हणू लागले, यानंच बायकोला सोडलं.

बाबा त्यावर कधी भांडले नाहीत. एवढंच म्हणायचे, “शब्द कुणीच ऐकला नाही असं होत नाही, बाळ. एक जण ऐकतोच.”

आज सकाळी निघताना ती म्हणाली, “बाबा, संध्याकाळी टीव्ही लावा.”

“जादूबिदू असेल तर बंद करीन हं.”

“आजच्या दिवस नका करू.”

“बरं बाई. तू आईसारखी हट्टी.”

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. कार्यक्रम थेट घराघरांत दिसत होता. जादूगार मखमली कोचावर उताणा झोपला. मान लोंबू नये म्हणून कपाळावर केसांच्या रंगाचा पट्टा, त्यामुळं त्याला दिसायचे ते फक्त वरचे दिवे. दोन्ही कानांत संगीत, आणि संगीतातून येणारा तिचा आवाज. तरंगताना त्याचा माईक फक्त चाकाच्या खोलीत ऐकू यायचा. तसा खटकाच होता तिथं.

“वर,” तो ओठ न हलवता पुटपुटला.

आधी बोटभर खाली. मग वर. पंखा सुरू झाला, शाल फडफडू लागली. चाक संथ फिरत राहिलं. जादूगार आणि दिवे यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. दिव्यांची धग त्याच्या गालांना लागली.

चाक थांबलं.

“कुठवर आलो?”

“दिवे हातभर राहिलेत, साहेब.”

“वा! आजवर एवढं उंच कुणी गेलं नसेल.”

“साहेब,” ती म्हणाली, “आकडा कुरकुरतोय. काय करू?”

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “उतर.”

“माझ्या बाबांनीही असंच विचारलं होतं. त्यांना काय सांगितलंत?”

“तू... तू त्याची मुलगी?”

“हो. आणि तारांवर होती, तिचीही.”

“पोरी, आधी खाली घे. मग तू म्हणशील ते देतो.”

“मला एक शब्दच हवाय. तेवढा वरूनच द्या. हात घामेजलाय हो माझा.”

तिनं तारांचं चाक जरासं हलवलं. तो बोटभर खाली घसरला.

“‘सोड’ म्हणालो!” तो ओरडला. “राहू दे अशा अर्थानं म्हणालो, त्यानं ऐकलं तेच केलं! तो प्यायला नव्हता. खोटं मी बोललो. माझं नाव गेलं असतं म्हणून बोललो. आता सोडू नकोस गं. पाया पडतो तुझ्या, सोडू नकोस!”

तिनं भोकातून पाहिलं. सगळं सभागृह थिजून बसलं होतं. माईकचा खटका तिनं मघाशीच लोकांकडं वळवला होता. घरी बाबांनी टीव्ही बंद केला नसावा, अशी तिनं देवाकडं मनोमन विनवणी केली.

“साहेब, शब्द अपशकुनी नव्हता,” ती म्हणाली, आणि तिनं कळ सोडली.

जादूगार जिवाच्या आकांतानं किंचाळत पडला, तो वीतभर खाली, आपल्याच मखमली कोचावर. त्याहून वर तो गेलाच नव्हता, दिवे खाली आले होते.