सातशे बारा प्रश्न

ॲनिशानं दुसऱ्या ट्रंकेतला शेवटचा गठ्ठा सोडला तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि साहेब दारात उभे राहून तिच्या हातांकडे बघत होते.

साहेब म्हणजे माजी खासदार हर्षवर्धनराव. मनवेलपाड्यात चहूबाजूंनी इमारती उठल्या, तरी त्यांचा बंगला जागचा हलला नव्हता. पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्यानिमित्त गौरवग्रंथ निघणार होता. 'संसदेतील कारकीर्द' हे त्यातलं सगळ्यात जाड प्रकरण. या माणसानं लोकसभेत सातशे बारा प्रश्न विचारले आणि प्रत्येक स्वतः बसून लिहिला, हे वसई-विरारमधलं शेंबडं पोरही सांगे. भाषणांत तेही आवर्जून सांगत.

कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणाऱ्या ॲनिशाला त्यांनी या कामासाठी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "वॉल्टरची मुलगी ना? मग तीच हवी," असा निरोप आला होता.

तिच्या बापाच्या मित्राला, फ्रान्सिस अंकलला, हे मुळीच पसंत नव्हतं. तो साहेबांकडे बारा वर्षं सेक्रेटरी होता, त्यामुळे त्या घराचं पाणी त्याला ठाऊक. "जाऊ नको बाय," तो म्हणाला होता. "साहेबांच्या वाटेला जाऊन कोणाचं भलं झालेलं नाही." ती ऐकेना, तेव्हा रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन तिला न्यायला तो स्वतः येऊ लागला. आज कोणते कागद चाळले, हे वाटेत खोदून खोदून विचारी. एवढी काळजी तिची सख्खी माणसंही करत नव्हती.

ॲनिशा सात वर्षांची असताना तिचा बाप, केळीचा बागायतदार वॉल्टर, दगडखाणीत साचलेल्या पाण्यात बुडून गेला. खाणीच्या सुरुंगांनी विहिरींचं पाणी पळालं होतं आणि तो खाणीविरुद्ध गाव उभं करत होता. खाणीत साहेबांची भागी आहे, असं लोक दबक्या आवाजात बोलत. पोलिसांनी अपघात म्हणून फाईल मिटवली. त्याच महिन्यात फ्रान्सिस अंकलनं साहेबांची नोकरी सोडली. मित्राच्या मरणाची एवढी तरी चाड कोणाला आहे, असं गाव म्हणालं. पुढे ॲनिशाचं सगळं शिक्षण त्यानंच केलं.

त्यामुळे ती या बंगल्यात कोणाचा गौरव करायला आलीच नव्हती. बापाला कोणी मारलं, एवढंच तिला हवं होतं.

गठ्ठ्यात प्रश्नांच्या नोटिशींच्या प्रती होत्या. लोकसभेत प्रश्न विचारायचा तर किमान पंधरा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, हे दोन आठवड्यांत तिला पाठ झालं होतं. एका नोटिशीत खाणीचं नाव दिसलं आणि तिची नजर अडकली. या खाणीच्या पाण्यात यंदा तीन मजूर आणि एक बागायतदार असे चार जण अपघातानं बुडून मेले, हे खरं आहे काय, असं त्यात विचारलं होतं. सरकारचं डिसेंबरातलं उत्तर मागे टाचलेलं होतं: होय, चार, सर्व अपघाती.

खाली साहेबांची सही. सहीशेजारी लोकसभेच्या पोचेचा शिक्का, बाप गेला त्याच वर्षीच्या अठरा नोव्हेंबरचा.

तिनं शिक्का पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. खाणीत बुडालेला बागायतदार एकच, तिचा बाप, आणि त्याच्या पुण्यतिथीला चर्चमध्ये दरवर्षी मिस्सा होई तो सत्तावीस नोव्हेंबरला. म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत त्याचं मरण कागदावर चढलं, त्या दिवशी तो वाडीत केळींना पाणी देत होता. आणखी नऊ दिवस देणार होता.

साहेब क्षणभर वळले तेवढ्यात तिनं कागदाचा फोटो फ्रान्सिस अंकलला पाठवला. खाली लिहिलं, 'बाबा तेव्हा जिवंत होते.' उत्तर लगेच आलं. 'तिथंच थांब. कोणाला दाखवू नको. आलोच.'

साहेब काठी टेकत आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. काय सापडलं, असं त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा गोड होता, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. पण बावीस वर्षांचा राग भीतीला जुमानत नाही. तिनं कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"ही सही तुमची ना?"

"माझीच."

ते ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागले. शिक्क्यापाशी बोट थांबलं. वॉल्टर नक्की कोणत्या तारखेला गेला, ते त्यांनी विचारलं आणि तिनं सांगितलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. आता हा म्हातारा काठी उगारणार, असं तिला वाटलं. ते खुर्चीत बसले.

"हे छापलंस तर माझा सोहळा संपला."

"छापणार आहे."

"छाप. पण मग खरं ते छाप." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "सातशे बारांतला एकही प्रश्न मी लिहिलेला नाही. अधिवेशनाआधी कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून द्यायचो, गठ्ठ्यानं. त्यात काय भरलंय ते मला उत्तर आल्यावर कळायचं. लोकांनी अभ्यासू म्हटलं, मी म्हणू दिलं. या वयात ही लाज सांगायला वॉल्टरची पोर समोर यावी, हे माझं नशीब."

बाहेर फाटक वाजलं. कोणीतरी घाईघाईनं स्कूटर लावली. ॲनिशाच्या जिवात जीव आला. आता दोघांनी मिळून या म्हाताऱ्याला बोलतं करायचं.

"कोरे फॉर्म भरायचं कोण?" तिनं विचारलं.

साहेबांनी बंद दाराकडे बघितलं. पायऱ्यांवर पावलं वाजत होती.

"फ्रान्सिस."