सोळा बाय नऊमध्ये केसरबाई

अखेर डिस्क तयार झाली आणि इंदापूरच्या हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असं काहीही झालेलं नाही. ते वाक्य विसरून जावं. डिस्क अजून कोरी होती, आणि काटेवाडीत नानांच्या ओसरीवर करुणाचा लॅपटॉप विचारत होता: पडदा सोळा बाय नऊचा, रुंद; फोटो जवळजवळ चौकोनी, काय करू?

उद्या नाना आणि केसरबाईंच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. नाना कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. मोबाइलमधल्या फोटोंना ते पुरावा मानत नाहीत. स्लाइडशो डिस्कवरच हवा, तोही हाय डेफिनिशनमध्ये.

"नाना, तीन पर्याय हायत," नात करुणा म्हणाली. "पयला, फोटो हाय तसा ठेवायचा. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील."

"काळ्या फिती आमी संपात लावायचो. मला लग्नाचा निषेध करायचा न्हाय."

दुसरा पर्याय ताणायचा. करुणानं ताणला. फोटोतली पिंकीआत्या सोफ्याएवढी झाली.

"मी एवढी व्हते?" शेजारी बसलेल्या आत्यानं विचारलं.

"व्हतीस न्हाय. आता हायस," नाना म्हणाले. आत्यानं तो पर्याय जागेवर फेटाळला.

तिसरा, फोटो पडदाभर करायचा. मग वरचं तरी कापलं जाणार, नाहीतर खालचं. वरच्या रांगेत नानांचे जुने साहेब उभे होते, आणि उद्याचे प्रमुख पाहुणे तेच.

"साहेबाचं डोकं उडवता येत न्हाय. खालचं काप. खाली कोण हाय?"

"आजी."

नानांनी चष्मा पुसला. "फुडचा दाव."

पुढचा फोटो नानांच्या बढतीचा. खाली आजी. त्याच्या पुढचा थोरल्या मुलाच्या, बुद्धघोषच्या नामकरणाचा. खाली आजी, मांडीवर बुद्धघोष. करुणानं कापून पाहिलं, तर बाळही गेलं. नुसतंच नामकरण उरलं.

केसरबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडं पाहिलं.

"कापा की मला. उद्या हॉलवर मी अख्खी येणारच हाय."

"पर तू दर फोटोत भुईवर कशी?" नानांनी विचारलं.

"खुर्च्या संपायच्या."

"दरवेळी?"

"अवो, मांडायला तुमीच असायचा की."

केसरबाई कप ठेवून आत गेल्या. लॅपटॉपनं पुन्हा विचारलं, काय करू. करुणानं नानांकडं पाहिलं, नानांनी आत्याकडं, आत्यानं लॅपटॉपकडं. चहावर साय धरली.

मग नानांनी घसा खाकरला आणि कचेरीतला आवाज काढला.

"करुणा, टाइप कर. प्रति, माननीय व्यवस्थापक, हाय डेफिनिशन विभाग. विषय: सौ. केसरबाई यांना सर्व जुन्या फोटोंमध्ये, पूर्वलक्षी प्रभावाने, एक खुर्ची मंजूर होऊन मिळणेबाबत."