चार नंबरची क्रेन

घानातल्या बंदराच्या फाटकाशी एफुआ मासे तळायची. समोरची चार नंबरची क्रेन कंटेनर टेकवण्याआधी दर वेळी क्षणभर थबकायची. क्रेनमध्ये आता माणूस नव्हता, पण त्या यंत्राला काम शिकवलं होतं एफुआच्या नवऱ्यानं, एबोनं. खालच्या मजुरांना हात काढून घेता यावेत म्हणून क्रेन चालवताना तो असाच थबकायचा. एबोला जाऊन दोन वर्षं झाली, तरी एफुआ शोकाचं काळं कापड नेसली नव्हती.

"समोर कामावर आहे की तो," म्हणायची.

"मावशी, क्रेनमधला तो दोष काढला एकदाचा," मासा खाता खाता बंदरातला एक इंजिनिअर म्हणाला. "उगाच वेळ जायचा. खाली आता मजूर असतात कुठे?"

समोर कंटेनर न थबकता धाडकन टेकला.

एफुआनं चूल विझवली आणि ती काळं कापड घ्यायला बाजारात निघाली.