खबर देणारा

अपघातात गेलेल्या लेकीच्या सामानासोबत इस्पितळातून एक लाल झाकणाची बाटली आली. ती लेकीची नव्हती. "एका माणसाने तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. पोलिसांना फोनही त्यानेच केला," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. तेव्हापासून आईच्या जिवाला चैन नव्हतं. त्या माणसाचं नाव पोलिसांच्या अहवालात होतं, आणि अहवाल काही मिळत नव्हता.

"मावशी, साहेबांकडे अडकलाय तो. एका बाटलीसाठी कुणी एवढे हेलपाटे घालतं का?" हवालदार म्हणायचा.

"बाटली द्यायचीय रे बाबा, आणि एकच विचारायचंय. शेवटी काय बोलली ती?"

आज अखेर कागद हाती आला. चष्मा लावूनही तिला अक्षरं हलताना दिसत होती, म्हणून हवालदारानेच वाचायला घेतला आणि मध्येच थांबला.

"वाच की."

"मावशी... खबर देणारा आणि गाडीने धडक देणारा, दोन्हीकडे एकच नाव आहे."

तिने बाटलीचं घट्ट झाकण आणखी घट्ट केलं.



"पत्ता दे. आता आणखी एक विचारायचंय. पाणी तिने मागितलं होतं, की त्याने आपणहून पाजलं?"