पहिली शेंग

मितेशने पोपटीचं, वालाच्या शेंगा भाजायचं मडकं शेतात उपडं ठेवलं, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवल्या आणि चुलतभावाकडे पाठ करून बसला. पलीकडे दिपेश फोन स्टँडला लावत होता. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत काचेचं मानचिन्ह बसवलं होतं. इंटरनेटवरच्या उत्तम कामाला दरवर्षी मिळणारा पुरस्कार, यंदा दिपेशच्या पोपटीच्या व्हिडिओला. अर्धं गाव त्या खुर्चीशेजारी उभं राहून फोटो काढत होतं.

त्या व्हिडिओत मडकं भरणारे हात मितेशचे होते. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, वरून पुन्हा पाला. नुसते हात, तोंड कुठेच नाही. मुंबईच्या स्टेजवर दिपेशने प्रेक्षकांचे आभार मानले, आईचे मानले, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा मानले. मितेशने ते घरी बसून पाहिलं. एरवी गरीब माणूस, पण तेव्हापासून हेव्याने त्याला पार खाल्लं होतं.

आज सत्काराची पोपटी, तीही लाइव्ह. मडकं नेहमीप्रमाणे त्यानेच लावायचं, असं दिपेशने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"झाली का रं?" दिपेशने हाक दिली. पोपटी कधी उतरवायची हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं.

मितेशने पारखायला मडक्यावर पाणी शिंपडलं. पाल्याचा वास अजून सुटला नव्हता, म्हणजे आत दाणे कच्चेच. खाऊ दे त्याला सगळ्यांसमोर. बघू दे जगाला.

"झाली," तो म्हणाला.

निखारे बाजूला सारून त्याने मडकं केळीच्या पानावर रिकामं केलं. दिपेश फोन घेऊन आला आणि शेंगांकडे हात न नेता त्याने मितेशच्याच खांद्यावर टाकला.

"ह्यो माजा भाऊ, मितेश," तो फोनकडे बघून म्हणाला. "ते हात ह्याचे हाईत. तिकडं स्टेजवर दिवे डोळ्यांत गेले न् ह्याचंच नाव घ्यायचा ऱ्हायलो. चार रात्री झोप न्हाय मना." मग शेंग उचलून त्याने मितेशच्या हातात दिली. "आज पहिली शेंग ह्याची. खा, न् सांग कशी झाली."

मितेशने शेंग सोलली. दाणा हिरवागार होता. तोंडात टाकला तर कडवट, दाताखाली कचकन वाजला. स्क्रीनवर बदाम उडत होते, भराभर कोणीतरी त्याचंच नाव लिहीत होतं.

"मस्त झालीय," तो म्हणाला आणि दाणा गिळला.

पानाशी बसलेल्या मैनाने, मितेशच्या आईने, एक शेंग सोलून पाहिली. मग मान वर करून लेकाकडे पाहिलं. ती पानावरच्या शेंगा ओंजळीने मडक्यात परत भरू लागली.